पायाळूची कंबर

टेंभुर्णीत मोठ्या माणसाला लाथ मारायचा परवाना एकाच माणसाकडे होता, तो म्हणजे सोमेश्वर अंभोरे. सरपंच, पतपेढीचा मॅनेजर, शाळेचे हेडमास्तर, एवढंच काय, एकदा बदलीवर नव्यानं आलेला फौजदार, या सगळ्यांना त्यानं आपल्या ओसरीवर पालथं पाडून लाथ मारलेली आहे. आणि वर सगळ्यांनी उठून त्यालाच नमस्कार केलेला आहे.

सोमेश्वर पायाळू होता. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी त्याचे पाय आधी बाहेर आले. सुईण घाबरली, त्याची आई केशरबाई मरता मरता वाचली, पण पोरगं जगलं आणि गावाला घरबसल्या एक औषध मिळालं. पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर लचकली, की आधी पायाळू शोधायचा. दुखणाऱ्यानं पालथं पडायचं, पायाळूनं डाव्या पायाचा तळवा दुखऱ्या जागी हलकेच मारायचा, आणि मग दुखणाऱ्यानं मागं वळून न बघता आपल्या घरापर्यंत चालत जायचं. गाडीवर बसायचं नाही, कुणाच्या पारावर टेकायचं नाही. केशरबाईनं या नियमांवर कडक पहारा ठेवलेला. पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. त्यामुळे सोमेश्वरनं कित्येकदा तोंडात ब्रश असतानाच लाथ मारलेली आहे.

पोटापाण्याला त्याच्याकडे एक छोटा हत्ती होता. म्हणजे टेम्पो हो. पहाटे जालन्याची खेप, दुपारी राजूर नाहीतर भोकरदन, संध्याकाळी गावातलीच सरकीची पेंड, खताची पोती, कुणाचं बिऱ्हाड. दिवसभर खड्ड्यांतून गाडी हाणायची आणि उतरल्या उतरल्या पोत्याला हात घालायचा. सोबतीला वसंता नावाचा हमाल असायचा, पण सोमेश्वरला दुसऱ्याच्या हातचा वेग पटायचा नाही. "सरक, जल्दी आहे," म्हणून तो स्वतःच कमरेत वाकून पोतं ओढायचा आणि तसाच गर्रकन वळून खांद्यावर टाकायचा. गावात त्याला कामाचा वाघ म्हणत. वाघाची कंबर सकाळी किती वेळ सरळ होत नव्हती, भिंतीला धरून पँट कशी चढवावी लागत होती, हे फक्त त्याची बायको उर्मिला बघत होती. ती बोलली की तो हसायचा. पायाळूला कुठं उसण भरते का, असं त्याचं म्हणणं.

खरं सांगायचं तर बापाची कंबर ही आपल्या घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. मिक्सर बिघडला तर दुरुस्तीला जातो, विळीला धार लावतात, टेम्पोचं ऑइल वेळच्या वेळी बदलतात. बापाच्या कमरेचं मात्र ती मोडेपर्यंत कुणी नाव काढत नाही, आणि सगळ्यात कमी काढतो तो स्वतः बाप. वेळ नाही म्हणतो. मग त्याच कमरेपायी महिनाभर छताकडं बघत पडायला त्याला वेळ सापडतो.

सोमेश्वरला दोन मुली. गंधाली थोरली, चौथीत, समंजस. धाकटी चिन्मयी बालवाडीतली, बिलकुल समंजस नसलेली. संध्याकाळी कोपऱ्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला की चिन्मयी अनवाणी गल्लीतून पळत सुटायची. सोमेश्वर गाडी हळू करायचा, दार उघडायचा, आणि सीटवरून न उतरता अर्धं अंग बाहेर काढून तिला एका हातानं उचलून मांडीवर घ्यायचा. मग घरापर्यंत स्टिअरिंग तिच्या हातात. दिवसभराचा शीण त्या एका उचलीत जातो असं तो म्हणायचा. ती उचलही वाकडीच होती, कंबर पिळून घेतलेली, पण बापाला ते कुठून कळणार?

शिमगा होऊन गेला होता. त्या दिवशी त्यानं पेंडीची गाडी जवळपास एकट्यानं उतरवली आणि त्याला काही झालं नाही. घरी येऊन तो न्हाणीत गेला, साबणाची वडी खाली पडली, ती घ्यायला वाकला आणि तसाच राहिला. पोत्यांनी सोडला होता, साबणानं धरला. उर्मिला आणि केशरबाईनं मिळून त्याला टॉवेलासकट ओसरीवरच्या बाजेवर आणून टाकलं, तेव्हा घामानं तो पुन्हा अंघोळ केल्यासारखा भिजला होता.

पायाळूलाच उसण भरली, ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली. ज्यांनी ज्यांनी त्याच्या लाथा खाल्ल्या होत्या ते सगळे बघायला आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं प्रत्येकानं आपल्यालाच सुचल्यासारखं म्हणून घेतलं. सोमेश्वरचे चुलते साहेबराव नाना मात्र कामाचे गृहस्थ. कुणाच्या घरी काही झालं की सूत्रं हातात घ्यायची त्यांना सवयच. पायाळूला उतारा पायाळूचाच, असं त्यांनी ठरवलं आणि वसंताला टेम्पो देऊन राजूरला पिटाळलं. तिथं चतुराबाई नावाची एक पायाळू म्हातारी होती. ती आली, येताना राजूरच्या गणपतीचा प्रसाद घेऊन आली, पण तिचं वय असं की पाय उचलताना तिला दोघांनी दोन्हीकडून धरावं लागलं. तिचा पाय सोमेश्वरच्या पाठीवर पडला की नाही हे त्यालाही कळलं नाही. ती पाठीवर पडू नये एवढंच सगळे बघत होते.

ती परत गेली आणि मग गंधालीनंच विचारलं, की आपली चिनू पण पायाळूच आहे ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा. चिन्मयीचेही पाय खाली होते, हे खरंच होतं. पण ती झाली जालन्याच्या दवाखान्यात, ऑपरेशननं. आता ऑपरेशनवालं पायाळू धरायचं की नाही, यावर अंभोऱ्यांच्या ओसरीवर जी चर्चा झाली तशी विधानसभेतही होत नसेल. केशरबाईचं म्हणणं, पोटातून सरळ उचलून काढलेल्या लेकराला पाय आधी काय न् डोकं आधी काय, त्याला धरता येत न्हाई. साहेबरावांचं म्हणणं, पाय ते पाय. दाराशी उभी असलेली उर्मिला शेवटी चिडली. टाके माझ्या पोटाला पडलेत, डॉक्टरनं मला सांगितलं की लेकरू पायावर बसलंय, आता ते पायाळू का न्हाई हे तुम्ही ठरवून राह्यले का, असं तिनं सासूला आणि चुलतसासऱ्याला एकदमच सुनावलं. केशरबाई उठून चुलीवर पाणी तापवायला गेली.

चिन्मयीला अंघोळ घातली. नवा फ्रॉक घातला. आपल्याला काहीतरी मोठं काम मिळालंय हे तिला बरोबर कळलं होतं. ती एक शब्द बोलली नाही, हसली नाही. वडिलांच्या पाठीवर तिनं आपला इवलासा डावा तळवा ठेवला, आणि ओठ दाबून असा ठेवला की बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग केशरबाई म्हणाली, आता पड बाबा गप. सोमेश्वर आपला होता तिथंच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडही न धुता चिन्मयी बाजेपाशी आली. "गेली का पप्पा?" तिनं विचारलं. सोमेश्वरला वाटलं, उठून बसावं आणि गेली म्हणावं. तो कुशीवर वळायला गेला आणि त्याच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. चिन्मयीनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं. ती काही रडली नाही. घरात गेली, दप्तराशेजारचे शाळेचे मोजे काढले आणि पायात घातले.

त्यानंतर ते मोजे निघेनात. चैत्र लागला, जमीन तव्यासारखी तापली, तरी पोरगी मोजे घालून. झोपताना मोजे, जेवताना मोजे. का म्हणून विचारलं तर सांगायची, "माझ्या पायात गुण न्हाई." गंधाली रोज ते धुऊन वाळत घालायची आणि तेवढा वेळ चिन्मयी पाय फ्रॉकखाली घेऊन बसायची. संध्याकाळी कोपऱ्यावर हॉर्न वाजायचा, टेम्पो वसंता चालवत होता, पण कुणी पळत बाहेर जात नव्हतं. वडिलांच्या बाजेपासून ती आता जरा लांबूनच जायची, धक्का लागला तर आपल्यामुळेच आणखी दुखेल या भीतीनं.

गाडी वसंता चालवत होता, घर उर्मिला चालवत होती, लाथेवाचून गावाचंही काही अडत नव्हतं. पण लेकरू अपराध्यासारखं भिंतीला धरून चालतंय, हे बाजेवर पडून बघताना सोमेश्वरला जे होत होतं ते कमरेच्या कळेपेक्षा वाईट होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की ती पुन्हा पळत यावी आणि त्यानं तिला उचलावं. त्यासाठी त्यानं सगळं केलं. बिब्ब्याचे चटके घेतले, कुठल्या कुठल्या तेलानं चोळून घेतलं, जालन्याहून पट्टा मागवून आवळला, आणि मुख्य म्हणजे हललाच नाही. जितकं पडून राहू तितकं लवकर बरं होऊ, असा त्याचा हिशोब. पडून पडून त्याच्या पायांच्या काड्या व्हायला लागल्या.

उन्हाळा भरात आला तेव्हा उर्मिलेनं कुणाला न विचारता टेम्पोत गादी टाकली आणि त्याला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, पायाच्या अंगठ्यापर्यंत टोचून बघितलं, आणि सांगितलं की हाड शाबूत आहे, नस दबलेली नाही, ऑपरेशन नको. व्यायाम पाहिजे. एवढं बोलून त्यांनी त्याला शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. दीपमाला साळवे तिचं नाव, चटपटीत बोलणारी, हसतमुख. गाव ऐकल्याबरोबर तिनं मान वर केली.

"टेंभुर्णीचे पायाळू ते तुम्हीच का? बाबा आल्ते तुमच्याकडं."

तिचे वडील म्हणजे संघपाल गुरुजी. जन्मभर शाळेत आणि विहारात अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला माणूस. एकदा उसण भरल्यावर पहाटेच्या अंधारात तोंडाला उपरणं गुंडाळून टेंभुर्णीला आला होता आणि आजतागायत ते कबूल करत नव्हता. बरं झालं का मग, असं सोमेश्वरनं भीत भीत विचारलं. झालं ना, ती म्हणाली. मग तिनं लाथ मारल्यावर काय काय करायला सांगता ते विचारलं. सोमेश्वरनं मागं न बघायचा, वाहनात न बसायचा, घरापर्यंत चालत जायचा सगळा नियम सांगितला, आणि बोलण्याच्या ओघात चिन्मयीच्या पायाचं आणि मोज्यांचंही सांगून टाकलं. ती नीट ऐकत होती.

"तुमच्या पायानं भीती जाते दादा," ती म्हणाली. "भीती गेली की माणूस चालतो, आणि चालला की कंबर मोकळी होते. तुमच्या मुलीनं पाय लावल्यावर तुम्ही किती चाललात?"

"मी कुठं चालणार? मी तर घरीच होतो."

बोलून झालं आणि सोमेश्वरनं कपाळावर हात मारून घेतला. शेकडो लोकांना ज्यानं नियम सांगितला, त्याच्याच वेळी तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. पायाळूच्या घरापासून स्वतःच्या घरापर्यंत चालायचं, आणि पायाळूचं घर हेच स्वतःचं घर. अख्ख्या भावकीत कुणाला सुचलं नाही की याला निदान वेशीपर्यंत तरी चालवून आणा. उलट पड म्हणाले, आणि तो पडला.

दीपमालानं मग त्याला शिकवलं. आधी गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर काढायची आणि खाली सोडायची. मग उताणं पडून, गुडघे मोडून, तळवे जमिनीला टेकवून कंबर सावकाश वर उचलायची आणि धरायची. मग ओणव्यानंच उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं, नंतर उलट, पाठ न हलवता. रोज चालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाकायचं कसं. अंधारात बाज चाचपून बसताना माणूस ढुंगण कसं मागं नेतो, तसं मागं न्यायचं, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, वजन पोटाशी धरायचं. वळायचं तर पायांनी वळायचं, कमरेनं पिळायचं नाही. पायात मुंग्या येऊन बधिरपणा आला, लघवीचं भान सुटलं, तर मात्र व्यायाम राहू द्यायचा आणि तडक दवाखाना गाठायचा, हेही तिनं बजावलं.

सोमेश्वरनं बापांचं ठरलेलं उत्तर दिलं, की बाई, वेळ कुठं आहे. गाडी भरून होईस्तोवर काय करता, असं तिनं विचारलं. तंबाखू मळतो, तो म्हणाला. मग तेवढ्यात होतं, ती म्हणाली. उर्मिला त्या खोलीत पहिल्यांदा हसली.

परत येताना त्याला वाटलं, घरी गेल्या गेल्या चिन्मयीला सांगावं की तुझी काही चूक नाही. उर्मिलेनं थांबवलं. बाजेवर पडल्या पडल्या सांगाल तर ती म्हणेल पप्पा आपली समजूत काढून राह्यले. आधी उठा, मग सांगा. ते त्याला पटलं.

पण सोमेश्वर पडला कामाचा वाघ. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. थोडं सांगितलं होतं तिथं त्यानं दुप्पट तिप्पट केलं, आठवड्यात बरा होऊन दाखवतो म्हणाला, आणि दोन दिवस पुन्हा आडवा झाला. दीपमालानं फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. पोतं नव्हे ते, एका दमात गाडी रिकामी करायची नाही, रोज थोडं करायचं आणि उद्याही करता येईल एवढंच करायचं. त्यानं मुकाट्यानं ऐकलं. या माणसाला त्याआधी आयुष्यात कुणी हळू कर म्हणून सांगितल्याचं मला तरी ठाऊक नाही.

मग रोज सकाळी ओसरीवर तमाशा सुरू झाला. एक मिशीवाला गडी ओणवा होऊन पाठ वरखाली करतोय, एक पाय मागं ताणून धरतोय. गल्लीतली पोरं कुत्र्याची उपमा देऊन हसायची. केशरबाईला लाज वाटायची, लोक म्हणतील पायाळूला वेड लागलं, निदान आत जाऊन तरी कर. सोमेश्वर मात्र ओसरीवरच करायचा, कारण तिथून घरातला उंबरा दिसायचा आणि उंबऱ्यावर मोज्यातले दोन पाय उभे असायचे. गंधाली शेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजायची आणि पाठ खाली गेली की टोकायची.

आषाढाच्या सुमाराला तो गाडीवर परत गेला. आता दर खेपेला राजूर फाट्यावर टेम्पो थांबवायचा, खाली उतरायचा, कमरेवर हात ठेवून मागं झुकायचा आणि गाडीभोवती चक्कर मारायचा. लोक म्हणायचे, गणपती सोडून हा टेम्पोलाच प्रदक्षिणा घालतो. पोतं उचलायला आता वसंता समोरून लागायचा. ढुंगण मागं, पाठ सरळ, पोतं पोटाशी, पाय वळवून फिरायचं. वसंता आधी हसला, मग त्याच्या ध्यानात आलं की आपलीही कंबर संध्याकाळी कुरकुरत नाही. त्यानंतर तो हसायचा बंद झाला. सोमेश्वर भिंत न धरता पँट घालायला लागला तेव्हा उर्मिलेनं चहात साखर जास्त टाकली.

पण चिन्मयी काही जवळ येईना. त्यानं उचलायला हात पुढं केला की ती मागं सरायची. "पुन्हा मोडन," म्हणायची.

पोळ्याच्या दिवशी सकाळी साहेबराव नाना बैलाच्या शिंगाला बेगड लावायला वाकले आणि तिथंच अडकले. बैल सजलेला, माणूस वाकडा. दोघांनी धरून त्यांना सोमेश्वरच्या ओसरीवर आणलं तेव्हा ते बैलाला, बेगडाला आणि वाण्याला एकाच दमात शिव्या देत होते. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, नियम होता. सोमेश्वरनं त्यांना पालथं झोपवलं. पायात मुंग्या, बधिरपणा काही आहे का ते विचारून घेतलं. मग तो उंबऱ्याकडं गेला, आणि गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून चिन्मयीसमोर बसला.

"चिनू, नानाला पाय लाव."

तिनं मान हलवली. "माझ्या पायात गुण न्हाई."

"ऐक माझं," सोमेश्वर म्हणाला. "पाय लावल्यावर माणसानं चालायचं असतं. तू तुझं काम बराबर केल्तं. मी चाललोच न्हाई, पडून राह्यलो. चूक माझ्या अंगात होती बाई, तुझ्या पायात नव्हती."

ती त्याच्याकडं बघत राहिली. हा मोठा माणूस खरं बोलतोय की आपल्याला फसवतोय, हे लहान लेकरं कशी ओळखतात देव जाणे. पण तो तिच्यासमोर बसला होता, न कण्हता, न वाकडा होता, आणि बसल्या जागेवरून कशालाही न धरता उठला. तिनं खाली बसून एक मोजा ओढून काढला, मग दुसरा. शिमग्यापासून झाकलेले ते पाय पांढरेफटक पडले होते. केशरबाईनं पदर तोंडाला लावला.

चिन्मयीनं साहेबरावांच्या पाठीवर पाय ठेवला आणि लगेच हुकूम सोडला, "नाना, उठा. मागं बघू नका." नाना उठले, कण्हले, पुन्हा शिवी द्यायला तोंड उघडलं, पण पोरीनं त्यांचं बोट धरलं होतं. गल्लीतून दोघं निघाले. नाना पहिल्यांदा पाय ओढत होते, पिंपळापाशी थोडे सरळ झाले, आणि आपल्या वाड्याच्या वळणाला लागले तेव्हा त्यांनी कुणाला तरी बैल धरायला हाक मारली, ती इकडं ओसरीपर्यंत ऐकू आली. उसण तशीही चार दिवसांत उतरते, चालत्या माणसाची लवकर उतरते. पण हे त्या दिवशी कुणी चिन्मयीला सांगायला गेलं नाही, आणि मीही जाणार नाही.

सोमेश्वर अंगणाच्या बाहेर, गल्लीच्या मधोमध येऊन उभा राहिला. वळणावर ती दिसली. क्षणभर थबकली. मग अनवाणी पायांनी, दोन्ही हात पसरून, महिनोन्‌महिने साठवलेल्या जोरानं ती पळत सुटली. सोमेश्वरनं पाय फाकवले, ढुंगण मागं नेलं, पाठ सरळ ठेवली, तिला पोटाशी धरलं आणि उचलली ती थेट डोक्याच्या वर नेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. दारात उभी उर्मिला हसत होती आणि रडतही होती.

मग त्याची नजर ओसरीच्या खांबाशी गेली. तिथं गंधाली उभी होती. इतके महिने आकडे मोजले तिनं, मोजे धुतले तिनं, आणि कधी काही मागितलं नव्हतं. हिला आपण शेवटचं कधी उचललं होतं, ते त्याला आठवेना. मोठी झाली म्हणून एके दिवशी सोडून दिलं असेल, तो दिवसही त्याच्या ध्यानात राहिला नव्हता. त्यानं चिन्मयीला एका कडेवर घेतलं आणि दुसरा हात पुढं केला.

"ये."

"मी मोठी झाले पप्पा," ती म्हणाली. "मला कामून?"

"ये म्हणतो ना."

ती आली. सोमेश्वर पुन्हा सावकाश खाली बसला, तिला जवळ ओढलं, आणि मांड्यांवर जोर घेऊन दोघींना घेऊन उभा राहिला. कंबर गप्प होती. गंधालीनं वर्गातलं कुणी बघत तर नाही ना, म्हणून गल्लीच्या दोन्ही टोकांकडं पाहून घेतलं. मग तिनं वडिलांच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड त्यांच्या खांद्यात खुपसलं. केशरबाई आतून हाका मारत होती, की बैल दारात येऊन राह्यले, नैवेद्याचं ताट आणा. खाली उतरायला मात्र दोघींपैकी कुणीच तयार नव्हतं.